स्वस्त व्हीएमसी की महाग? दुपारी दोनच्या जॉबला विचारा

गेल्या महिन्यात शेजारच्या गाळ्यातला तरुण व्हीएमसीची (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) दोन कोटेशनं घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसला. एक ३१ लाखांचं, दुसरं ९६ लाखांचं. दोन्ही मशीनं तीन अक्षांची, टेबल जवळजवळ सारखं, स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरवणारा दांडा, दोन्हीकडे बीटी ४० मापाचा. आणि दोन्ही कागदांवर अचूकतेपुढे एकच आकडा छापलेला : ±०.००५ मिमी. त्याने विचारलं, "ताई, आकडा तोच असेल तर वरचे ६५ लाख कशाचे?"

हा प्रश्न मी २०११ साली विचारलाच नव्हता, आणि २०१८ साली विचारला तो मशीन घेतल्यावर. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचा जॉबशॉप आहे, इतरांचे सुटे भाग करून देणारा. अण्णांनी एका लेथवर सुरू केला, डिप्लोमा करून मी त्यात आले. आज शॉपमध्ये तीन व्हीएमसी आहेत : दोन स्वस्तातली, एक महागडं जपानी. तिन्हींवर पैसे कमावले आणि तिन्हींवर गमावलेही. त्या मुलाला दोन संध्याकाळी बसून जे सांगितलं, ते इथे लिहून ठेवते.

आधी ड्रॉइंगं काढा

कोटेशन बाजूला ठेवा. गेल्या वर्षभरात केलेल्या सगळ्या जॉबची ड्रॉइंगं टेबलावर घ्या आणि प्रत्येकावर एकच माप शोधा : जे मशीनच्या अक्षांनी राखायचं आहे आणि ज्याचा टॉलरन्स (मापात चालणारी चूक) सगळ्यात घट्ट आहे.

इथे पहिली चूक होते. बोअरवर, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकावर, एच७ (व्यासाच्या घट्ट टॉलरन्सची खूण) दिसलं की लोक म्हणतात, जॉब प्रिसिजनचा, महाग मशीन लागणार. पण बोअरिंग बारने काढलेल्या बोअरचा व्यास बार ठरवतो. स्पिंडल धड असेल आणि बार नीट सेट केला असेल, तर स्वस्त मशीनही एच७ काढतं. आमच्याकडे रोज निघतं. मशीनच्या अक्षांची परीक्षा होते ती दोन बोअरमधल्या अंतरात, डॉवेलच्या (जागा पक्की करणाऱ्या पिनेच्या) जागेत, आणि एंडमिल (मिलिंगचं टूल) गोल फिरवून काढलेल्या बोअरच्या गोलाईत. हीच मापं वेगळी काढा. त्यांच्यापुढे लांबीही लिहा, कारण ४० मिमी अंतरावर ±०.०२ आणि ४०० मिमी अंतरावर ±०.०२ हे दोन वेगळे जॉब आहेत.

पोझिशन टॉलरन्स असेल तर जरा हिशेब करावा लागतो. व्यास ०.०५ ची पोझिशन म्हणजे भोकाचं केंद्र खऱ्या जागेपासून ०.०२५ च्या आत हवं. एक्स आणि वाय दोन्ही सारखेच चुकले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.०१८ येतात. ड्रॉइंगवर ०.०५ वाचून निर्धास्त झालेले सेटर मी पाहिलेत.

मी एक ठोकताळा वापरते. टॉलरन्सच्या पूर्ण पट्ट्यातला एक तृतीयांश मशीनला द्यायचा. उरलेले दोन भाग फिक्स्चर (जॉब पकडणारी जोडणी), टूल, उष्णता आणि मोजमाप खातात. ±०.०३ म्हणजे पट्टा ०.०६, त्यातले ०.०२ मशीनचे, एवढं चांगलं स्वस्त मशीन देतं. ±०.०१ असेल तर मशीनच्या वाट्याला ६-७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) उरतात, आणि ते स्वस्तातल्या मशीनकडून वर्षभर, रोज, सगळ्या शिफ्टमध्ये मिळत नाहीत.

त्या मुलाकडे ५८ ड्रॉइंगं निघाली. ५१ जॉब ±०.०५ किंवा त्याहून सैल. चार ±०.०२ ते ±०.०३ मधले. खरोखर घट्ट फक्त तीन. ही मोजणी होईपर्यंत तो ९६ लाखांच्या मशीनसाठी बँकेशी बोलून आला होता.

±०.००५ म्हणजे नेमकं किती?

आकड्याच्या मागे कोणतं मानक आहे हे न विचारता तुलना करणं म्हणजे एकाचा भाव किलोत आणि दुसऱ्याचा पायलीत ऐकून सौदा करणं.

जुन्या जपानी पद्धतीत, म्हणजे जेआयएस धरून दिलेल्या आकड्यांत, अक्ष एकाच दिशेने चालवून चुका मोजतात आणि सगळ्यात मोठा फरक बहुतेक वेळा निम्मा करून ± चिन्हासह छापतात. म्हणजे ±०.००५ हा खरं तर १० मायक्रॉनचा पट्टा, आणि उलट दिशेने येताना पडणारा फरक, ज्याला आपण बॅकलॅश म्हणतो, तो यात धरलेलाच नसतो. आयएसओ २३०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक टार्गेटवर दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा यावं लागतं, आणि विखुरणं स्टँडर्ड डेव्हिएशनच्या दुपटीने धरलं जातं. जर्मन व्हीडीआय ३४४१ तर याहून कडक. ती विखुरणं सहा सिग्मांच्या (सिग्मा म्हणजे तीच स्टँडर्ड डेव्हिएशन) पट्ट्यात मोजते. त्यामुळे एकच मशीन जपानी पद्धतीत सगळ्यात देखणं दिसतं आणि जर्मन पद्धतीत सगळ्यात सुमार. दोष मशीनचा नसतो, मोजपट्टी बदललेली असते.

म्हणून विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. आकडा कोणत्या मानकाचा? एका दिशेचा की दोन्ही दिशांचा? पूर्ण ट्रॅव्हलवरचा की ३०० मिमीवरचा? आणि मशीन थंड असतानाचा की तीन तास चाललेल्या मशीनचा? आमच्या टेबलावरच्या त्या दोन कोटेशनांचं उत्तर आलं तेव्हा ३१ लाखवाल्याचा आकडा जेआयएसचा, एका दिशेचा निघाला. ९६ लाखवाल्याने आयएसओ २३०-२ चा आलेख पाठवला, तोही त्याच मॉडेलच्या आधी विकलेल्या मशीनचा. निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

आणखी एक आकडा अचूकतेपेक्षा जास्त महत्त्वाचा : रिपीटॅबिलिटी, म्हणजे मशीन दर वेळी त्याच जागी येतं का. मशीन दर वेळी ठरलेल्या जागेपासून १५ मायक्रॉन पुढेच थांबत असेल, तर लेझरने मोजून कंट्रोलमध्ये पिच एररचं कॉम्पेन्सेशन (ठरलेल्या चुकीची उलटी दुरुस्ती) भरता येतं. एका दिवसाचं काम आहे. पण मशीन कधी ५ पुढे, कधी ८ मागे थांबत असेल, तर ते कुठल्याच पॅरामीटरने सुधारत नाही. निवड करायची वेळ आली तर अचूकता थोडी सोडा, रिपीटॅबिलिटी सोडू नका.

वरचे पैसे कुठे जातात

मशीनचं पत्र्याचं आवरण आणि कंट्रोलची स्क्रीन दोन्हीकडे सारखीच चकचकीत असते. फरक आत असतो. बॉलस्क्रू, म्हणजे टेबल सरकवणारा आट्यांचा दांडा, घ्या : सी५ ग्रेडच्या स्क्रूला ३०० मिमीत १८ मायक्रॉन चूक चालते, सी३ ला ८, आणि सी७ ला तब्बल ५०. कोटेशनमध्ये ग्रेड लिहिलेली नसेल तर लिहून घ्या.

मग फीडबॅक. स्वस्त मशीनमध्ये मोटरच्या मागे एन्कोडर असतो. स्क्रू किती फिरला हे तो सांगतो; टेबल किती सरकलं याचा तो नुसता अंदाज असतो. महाग मशीनमध्ये टेबलाशेजारी लिनियर स्केल बसवलेली असते, ती टेबलाची खरी जागा वाचते. याशिवाय काही मशीनांत बॉलस्क्रूच्या पोटातून थंड तेल फिरतं, स्पिंडलला स्वतंत्र चिलर असतो, गाइडवेत गोळ्यांऐवजी रोलर असतात, आणि कास्टिंगचं वजन त्याच आकाराच्या स्वस्त मशीनपेक्षा बरंच जास्त असतं. जोडणीतही फरक आहे. अक्ष एकमेकांशी काटकोनात बसावेत म्हणून हाताने स्क्रेपिंग करणारा माणूस कारखान्यात दिवस घालवतो, आणि त्याच्या मजुरीची ओळ कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही. पिच एरर कंट्रोलमधून लपवता येते. काटकोन बिघडलेला असेल तर पुढचं सगळं आयुष्य त्याच्याशी झगडण्यात जातं.

स्वस्त म्हणजे टाकाऊ असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. १९८८ साली शिकागोच्या प्रदर्शनात जीन हास यांनी ४९,९०० डॉलरला व्हीएफ-१ मांडलं, आणि तेव्हापासून लहान शॉपच्या आवाक्यात व्हीएमसी येऊ लागलं. आपल्याकडे बंगळुरू, राजकोट, कोइमतूरच्या कारखान्यांनी तेच काम केलं; ती मशीनं नसती तर भोसरीतले निम्मे गाळे आज लेथ आणि ड्रिलवरच असते. शिवाय या कारखान्यांच्या यादीत साध्यापासून बऱ्याच वरच्या दर्जापर्यंत मशीनं आहेत. "भारतीय म्हणजे स्वस्त, जपानी म्हणजे अचूक" अशी सरधोपट विभागणी करू नका. त्या विशिष्ट मॉडेलच्या पोटात काय आहे ते बघा.

दुपारी दोन वाजता

२०११ च्या माझ्या पहिल्या व्हीएमसीवर बिडाच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं काम आलं. दोन बेअरिंग बोअर, मधलं अंतर १८२ ±०.०१५. सकाळी पहिला नग सीएमएमवर (नगाची मापं घेणाऱ्या मशीनवर) गेला, माप ३ मायक्रॉनच्या आत. मी खूश. संध्याकाळी ग्राहकाकडून फोन : चाळीस नगांपैकी अकरा बाद, सगळे अंतर जास्त म्हणून. पुढचे तीन दिवस आम्ही फिक्स्चर बदललं, टूल बदललं, सेटरवर चिडलो. चौथ्या दिवशी मी प्रत्येक नगावर वेळ लिहायला लावली. सकाळचे सगळे नग चांगले होते. बाद होणारे साडेबारानंतर सुरू व्हायचे आणि दुपारी दोनच्या सुमारास शिखर गाठायचे. जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन नग पुन्हा चांगले.

कारण बॉलस्क्रू. टेबल दिवसभर पुढे-मागे धावतं, नट घासतो, स्क्रू तापतो. पोलादाचा एक मीटर दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतो. स्क्रू जॉबपेक्षा ६ अंशांनी गरम झाला तर १८२ मिमीत १२.५ मायक्रॉनची वाढ. एन्कोडर तेवढेच फेरे मोजतो, पण लांबलेल्या स्क्रूवर तेवढ्या फेऱ्यांत टेबल जास्त पुढे जातं. १५ पैकी १२ मायक्रॉन इथेच संपले. बॅकलॅश आणि फिक्स्चरला तीन उरले. जेवणाच्या सुट्टीत स्क्रू निवायचा, म्हणून नग सुधारायचे. लिनियर स्केल असलेल्या मशीनला हा आजार होत नाही, कारण ती स्क्रूचं ऐकतच नाही. ६५ लाखांमधला सगळ्यात खरा पैसा मला विचाराल तर तो स्केलचा आणि गारव्याचा.

पण दुसरी बाजूही अंगावर आली. २०१८ मध्ये मोठं कर्ज काढून स्केलवालं जपानी मशीन आणलं. पुढच्या मे महिन्यात त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट केली, ३०० मिमी अंतरावर दोन डॉवेल, ±०.०२. सीएमएमवर माप ४० मायक्रॉनने कमी. मी तडक सर्व्हिस इंजिनिअरला बोलावलं. त्याने मशीनला हात लावण्याआधी जॉबला थर्मामीटर लावला : ३२ अंश. सीएमएमची खोली २० अंशांवर. अ‍ॅल्युमिनियम मीटरला अंशाला २३ मायक्रॉन हलतं, म्हणजे १२ अंशांत ३०० मिमीची प्लेट सुमारे ८३ मायक्रॉन आक्रसते. मशीनचं कास्टिंग आणि स्केलही त्याच ३२ अंशांत फुगलेली होती, पण त्यांची वाढ याच्या निम्मीच. उरलेला फरक ४० मायक्रॉन. मशीनने आपलं काम चोख केलं होतं. शॉपच्या पत्र्याखाली मे महिना होता, आणि तो कुठल्याही कोटेशनमध्ये नसतो.

म्हणून ±०.०१ च्या नादाने महाग मशीन घेणार असाल, तर त्याच हिशेबात बंद खोली आणि वातानुकूलन धरा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं कोटीचं मशीन स्टीलच्या आणि बिडाच्या जॉबमध्ये उपयोगी पडतं, अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याची किंमत वाया जाते.

मशीन बघायला जाल तेव्हा

प्रदर्शनात मशीन बघून काही कळत नाही. तिथे हॉल गार असतो आणि मशीन दहा मिनिटं चालतं. ज्या शॉपमध्ये तेच मॉडेल तीन-चार वर्षं चालतंय, तिथे जा. विक्रेता तीन पत्ते देईल. चौथा तुम्ही स्वतः शोधा.

सोबत एक ३०० मिमीचा टेस्ट मँड्रेल (नेमका गोल दांडा) आणि पुपिटास (मायक्रॉन दाखवणारं डायल) घ्या. मँड्रेल स्पिंडलमध्ये लावून हाताने फिरवा. नाकाशी ५ मायक्रॉन आणि ३०० मिमी खाली १५ पर्यंत रनआउट (फिरतानाची डगमग) चालेल, त्यापलीकडे असेल तर बेअरिंगची किंवा टेपरची विचारपूस करा. मँड्रेल काढून पुन्हा लावा, पुन्हा मोजा. मग पुपिटास स्पिंडलला बांधून टेबलावर ३०० मिमीच्या वर्तुळात फिरवा. स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का ते दिसतं. याला अर्धा तास पुरे.

बॉलबारची (मशीनला वर्तुळात फिरवून चुका मोजणाऱ्या दांड्याची) चाचणी मागा. रेनिशॉचा बॉलबार भोसरी-चाकणमध्ये कॅलिब्रेशन करणाऱ्या अनेकांकडे असतो, भाड्याने माणसासह येतो. पंधरा मिनिटांत तो बॅकलॅश, काटकोन आणि गोलाई वेगवेगळी करून दाखवतो. आमच्या २०११ च्या मशीनची गोलाई आज १४ मायक्रॉन येते, जपान्याची ४. बोअर एंडमिलने फिरवून काढणार असाल तर हे आकडे थेट तुमच्या जॉबवर उमटतात.

आता माझी आवडती चाचणी, जी कुणीच करत नाही. मशीन रात्रभर बंद असलं पाहिजे. सकाळी टेबलावर एक घासलेला स्टीलचा ठोकळा पक्का बांधा, स्पिंडलमध्ये मँड्रेल लावा, एक्स, वाय, झेड तिन्ही दिशांनी पुपिटासने शून्य घ्या आणि कंट्रोलवरचे आकडे लिहून ठेवा. मग स्पिंडल कमाल वेगाच्या साठ टक्क्यांवर आणि अक्ष वेगाने पुढे-मागे असा साधा प्रोग्रॅम लावा. अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबवून पुन्हा त्याच शून्यावर या आणि सरकलं किती ते लिहा. तीन तास. माझ्या जुन्या मशीनचा झेड पहिल्या तासात ३५ मायक्रॉन खाली येतो आणि मग स्थिरावतो. जपान्याचा ८ वर थांबतो. ३५ हा आकडा एवढा वाईट नाही, कारण तो रोज तेवढाच असतो आणि वीस मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम लावला की त्यातला बराचसा आधीच उरकतो. वाईट मशीन ते, जे तीन तासांनंतरही सरकतच राहतं.

आणि शेवटी तुमचा स्वतःचा जॉब. सगळ्यात अवघड जॉबचे २५ नग, विक्रेत्याच्या नव्हे तुमच्या कास्टिंगवर, मध्ये जेवणाची सुट्टी धरून. प्रत्येक नगावर क्रमांक आणि वेळ. सीएमएम तटस्थ जागेचं, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेचं. नग किमान चार तास मापनखोलीत ठेवून मग मोजा. सीपीके (मापं टॉलरन्सच्या आत किती सुरक्षित बसतात याचा आकडा) १.३३ च्या वर आला तर मशीन त्या जॉबला पुरतं. तो आकडा ३१ लाखांच्या मशीनवर आला, तर ९६ लाख कशाला?

तासाचा दर, आणि चांगल्या नगाचा दर

आता पैशांचं. हे माझ्या शॉपच्या पद्धतीचे आकडे आहेत, तुमचे घालून बघा. दोन शिफ्ट, वर्षाला ३,६०० तास, दहा वर्षं.

स्वस्त मशीन टूलिंग आणि बसवणीसह ३५ लाखांत पडतं, दहा वर्षांनी ७ लाखांना जातं असं धरू. घसारा वर्षाला २.८ लाख, सरासरी अडकलेल्या २१ लाखांवर दहा टक्के व्याज २.१ लाख, देखभाल १.२ लाख. एकूण ६.१ लाख, म्हणजे तासाला १६९ रुपये. महाग मशीन पाया, चिलर, स्टॅबिलायझर धरून १०५ लाखांत पडतं, ३५ लाखांना जातं. घसारा ७ लाख, व्याज ७ लाख, देखभाल ३ लाख, तासाला ४७२. ऑपरेटर, वीज, गाळ्याचं भाडं दोन्हीकडे २६० धरले तर तासाचे दर ४२९ आणि ७३२.

तेच गिअरबॉक्स हाउसिंग घ्या. स्वस्त मशीनवर सायकल २२ मिनिटं, म्हणजे नगाला १५७ रुपये. महाग मशीन वेगवान, १६ मिनिटं, १९५ रुपये. इथवर स्वस्त जिंकलं. पण कास्टिंग आणि आधीची कामं मिळून नगात ९०० रुपये घातलेले असतात. स्वस्त मशीनवर सहा टक्के बाद होत असतील, तर चांगला नग १,१२४ रुपयांना पडतो. महागवर अर्धा टक्का बाद, चांगला नग १,१००. महाग जिंकलं, पण अवघ्या २४ रुपयांनी. स्वस्त मशीनवरचं रिजेक्शन चार टक्क्यांखाली आणता आलं, तर बाजी पुन्हा उलटते. म्हणजे सगळा प्रश्न त्या चार टक्क्यांचा आहे, आणि तो तुमच्या नगाच्या आधीच्या किमतीवर ठरतो. १५० रुपयांच्या ब्रॅकेटवर महाग मशीन कधीच परत देत नाही. ८,००० रुपयांच्या हाउसिंगवर एका वर्षात देतं.

तासांचंही बघा. काम कमी पडून वर्षाला १,८०० तासच चाललं, तर स्वस्त मशीनचा दर ५९९ होतो आणि महागचा १,२०४. २०१९ मध्ये वाहन उद्योग मंदावला तेव्हा जपानी मशीन रिकामं ठेवायला नको म्हणून मी त्यावर साध्या बेस प्लेटा घेतल्या, ४५० रुपये तासाने. दर तासाला खिशातून पैसे घालत होते, हे कळायला मला वर्ष लागलं.

मधली वाट

बऱ्याच लहान शॉपना खरं उत्तर मधलं असतं. स्वस्त मशीन घेताना एक्स आणि वायला लिनियर स्केलचा पर्याय मागा. काही कारखाने तो देतात. नंतर बसवून घेणं महाग पडतं. झेडला नसली तरी चालेल, टूल सेटरने झेड सांभाळता येतो.

स्पिंडल प्रोब (मशीनमध्येच जॉबला टेकून माप घेणारं उपकरण) घ्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. स्केल नसलेल्या मशीनवर प्रोब त्याच तापलेल्या स्क्रूने मोजतो, त्यामुळे १८२.०१२ चा नग तो तुम्हाला १८२.००० दाखवतो. आम्ही फिक्स्चरवरच दोन घासलेल्या रिंगा कायमच्या बसवल्या, त्यांचं अंतर सीएमएमवर मोजून ठेवलं. दर पाच नगांनी प्रोब आधी रिंगा मोजतो, कळलेल्या अंतरापेक्षा किती फरक दिसतो ते काढतो आणि तेवढी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये घालतो. रिंगा बसवायला वीसेक हजार खर्च आला. २०११ चं ते मशीन आजही ते हाउसिंग करतं, रिजेक्शन दोन टक्क्यांच्या आत.

जुनं महाग मशीन हाही पर्याय आहे. मात्र बॉलबार आणि स्पिंडलच्या कंपनांची तपासणी केल्याशिवाय हात घालू नका, आणि त्या कंट्रोलचे कार्ड अजून मिळतात का ते आधी विचारा.

सर्व्हिसचं थोडक्यात : इंजिनिअर किती तासांत गाळ्यावर पोचतो आणि स्पिंडल गेला तर बदली किती दिवसांत मिळतो, हे विक्रेत्याला विचारू नका. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना विचारा. सहा आठवडे बंद पडलेल्या मशीनची अचूकता कुणाच्याही कामाची नाही.

त्या मुलाने शेवटी ३१ लाखवालं मशीन एक्स-वाय स्केलसह घेतलं, प्रोब धरून ३७ पर्यंत गेलं. त्याचे ते तीन घट्ट जॉब सध्या माझ्या जपानी मशीनवर होतात, तासाला ९०० रुपयांनी. यात माझा फायदा आहे, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. दोन वर्षांत ते जॉब तीनाचे बारा झाले, तर त्याने स्वतःचं घ्यावं.

पर्चेस ऑर्डर मात्र आम्ही दोघांनी बसून लिहिली. स्वीकृती चाचणी त्याच्या शॉपमध्ये, आयएसओ २३०-२ नुसार, पूर्ण ट्रॅव्हलवर, दोन्ही दिशांनी, एकदा थंड आणि एकदा तीन तास चालल्यावर. बॉलबारचा अहवाल. ०.०२ च्या स्पिरिट लेव्हलने लेव्हलिंग, महिन्यानंतर पुन्हा एकदा, कारण नवा पाया बसतो. त्याच्या जॉबचे २५ नग, सीपीके १.३३. शेवटचे दहा टक्के पैसे यानंतर. विक्रेता आधी कुरकुरला, मग तयार झाला. एवढं मागणारं गिऱ्हाईक मशीन नीट वापरतं हे त्यालाही ठाऊक असतं.

चाचणीची तारीख त्याने बुधवारची सुचवली होती. आम्ही शुक्रवार मागितला. भोसरीत गुरुवारी वीज आणि शॉप दोन्हीला सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारी सकाळी सात वाजता मशीन आठवड्यात सगळ्यात थंड असतं.